तांडेलाचा वाटा

मुरुड, ७ एप्रिल २०२५

केतन,

'चिरंजीव' लिहून पाहिलं आणि खोडलं. नुसत्या नावावर भागवून घे.

फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस, म्हणून रजिस्टर पत्र पाठवते आहे. कामोठ्याचा पोस्टमन तुझी सही घेतल्याशिवाय दारातून हलायचा नाही. सख्ख्या बहिणीचं तोंड बघायचं नसेल तर नको बघू, पण अक्षर बघावं लागेल.

बाबा गेल्या आठवड्यात घरी आले. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. उजवा हात आणि उजवा पाय नुसते अंगाला लागून आहेत. वाचा गेली. 'पानी' म्हणतात, 'न्हाय' म्हणतात, आणि त्यांच्या वस्तूला कोणी हात लावला की 'माजा' म्हणतात. कपाला, टोपीला, उशाशी ठेवलेल्या कवळीच्या डबीला. बिछान्यातून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात. एक मी आहे. दुसरं रोज सकाळी शोधावं लागतं.

आणि तू काय केलंस, तर व्हिडिओ काढलास. तुझ्या बायकोनेच, पूनमने, मला पाठवला, तिला वाटलं मी बघून रडेन. मला ओकारी आली. आयसीयूतले बाबा, नाकात नळी, खाली रडकं गाणं आणि त्यावर अक्षरं: 'सरकारी डॉक्टरच्या हलगर्जीपणाने माझ्या देवमाणसाची ही अवस्था.' त्यात बाबांची कवळी काढलेली आहे, केतन. हा माणूस कवळी नसली की दारातल्या पोस्टमनशीसुद्धा तोंडावर हात धरून बोलतो. त्याचं ते बोळकं तू हजारो लोकांना दाखवलंस आणि खाली हात जोडलेली चित्रं गोळा केलीस.

लोकांना खोटं सांग. मला कशाला सांगतोस? मी त्या गाडीत होते.

शिमग्याला तू आला होतास. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पडवीत जाळं शिवत बसले होते. शिवता शिवता त्यांनी सुई खाली ठेवली आणि छातीवर मूठ दाबली. आपण दोघांनीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर नेत्रा मॅडमनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, एक इंजेक्शन पोटात दिलं, आणि स्पष्ट सांगितलं, की हा हार्ट अटॅकच आहे, पण गुठळी विरघळवायची सुई ज्याला लागते तसला नाही. या जातीच्या अटॅकला ती सुई द्यायची नसते, दिली तर नुकसान होतं. अलिबागला हलवा, तिथून पुढे अँजिओग्राफीला. अँब्युलन्स दाराशी उभी होती. बाबांना आत झोपवलंही होतं.

तेव्हा तू काय बोललास ते तुझ्याच शब्दांत लिहिते, म्हणजे परक्याचं वाटणार नाही. "हरेश्वरला जानेवारीत ती सुई दिली. तो टुणटुणीत होऊन बंदरावर फिरतोय. मग माझ्या बापाला का न्हाय? त्याला देताना होती नि आमचा नंबर आला तर संपली? आमचा वाटा कुनी खाल्ला, मॅडम?"

वाटा! औषधाला तू वाटा म्हणालास. मॅडमना त्याचा अर्थ कळलासुद्धा नाही. मला कळला.

पूनमने मॅडमवरच्या तक्रारीचा कागद पाठवला आहे, 'राहीताईंनी फक्त खाली सही करायची' म्हणून. त्यावर मी बोंबील सुकत घातलेत. सही होणार नाही.

राही

—

मुरुड, ४ मे २०२५

केतन,

पोच आली. सही तुझीच आहे, ते शेपूट ओढलेलं 'न' मी ओळखते.

उत्तर मात्र दुसऱ्या वाटेने आलं. बाबांच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले तर मॅडमच्या खुर्चीत कोणी नव्हतं. तिथल्या सिस्टरने खाली बघत सांगितलं, त्यांच्यावर चौकशी लागली आहे, निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही. तक्रारदार कोण? सदाशिव तांडेल. खाली अंगठा.

आपल्या बापाला सही येते. आई त्याला चिडवायची, बोट विकायला काढलीत की काय, जिथे तिथे सही करता म्हणून. तू मुंबईच्या त्या आयसीयूत बाबांचा निपचित पडलेला उजवा अंगठा उचललास, शाईत बुडवलास आणि कागदावर दाबलास. घरी आले तेव्हा तो अंगठा निळा होता. मला वाटलं सलाईनचा डाग असेल. मी साबण लावून घासत बसले होते. आता आठवलं की हात परत धुवावासा वाटतो.

मी मॅडमच्या खोलीवर गेले. तशी ती पोरगीच आहे, तिकडे विदर्भातली, आपल्याकडची मासळी शिजली की नाकाला रुमाल लावणारी. सामान बांधून बसली होती. मी म्हटलं, मला नीट समजावून सांगा, मला भांडायचं आहे आणि अर्धवट माहितीवर मला भांडता येत नाही. ती हसली. मग तिने जे सांगितलं ते तुझ्यासाठी लिहिते. दवाखान्यात तू ओरडत होतास, म्हणून तुला ऐकू आलं नसेल.

रक्त गोठवणारं काहीतरी जसं अंगात असतं, तसं गोठलेलं विरघळवणारंही अंगातच तयार होतं. आणि त्या विरघळवणाऱ्याला आवर घालणारंही काही असतं, नाहीतर साधं खरचटलं तरी माणूस रक्त वाहून जाईल. ही ओढाताण जन्मभर चालू असते. हरेश्वरकाकाच्या हृदयाची नळी पार बंद झाली होती. धाग्यांचं घट्ट जाळं आणि त्यात अडकलेलं रक्त. विरघळवायची अंगातली ताकद तिथे कमी पडली, म्हणून ती बाहेरून सुईने घातली. सुईने धागे कापले, नळी उघडली. बाबांची नळी अर्धी उघडी होती. तिथली गुठळी वेगळी, बहुतेक रक्तातल्या चिकट कणांची, धागे कमी. सुई धागे कापते, कणांचं तिला काही करता येत नाही. उलट कधी कधी ते जास्तच चिकटतात. दोघांनाही अटॅकच म्हणतात, छातीत दुखतं तेही सारखंच. पट्टीवर मात्र फरक दिसतो, आणि तो बघायलाच डॉक्टर शिकलेला असतो.

मग ती म्हणाली, "ताई, सुईला चांगली गुठळी आणि वाईट गुठळी कळत नाही. अंगात जिथे जिथे जखम भरत आली असेल, तिथलंही ती सोडवते."

हे ऐकलं आणि मला बाबांच्या डोक्यावरचे टाके आठवले. शिमग्याच्या आधी बोटीवरची कप्पी लागली होती ते. तू त्यांना टोपी घालायला लावली होतीस, फोटोत बरं दिसत नाही म्हणून.

वाट्याचं मॅडमना मी समजावलं. सांगावं लागलं, नाहीतर तिला वाटलं असतं की तू नुसताच गुंड आहेस. म्हटलं, आमच्याकडे बोट लागली की विकायची मासळी वेगळी काढतात, आणि घरी न्यायच्या मासळीचे वाळूवर ढीग करतात. जेवढी माणसं तेवढे ढीग. एक पोर समुद्राकडे तोंड करून, ढिगांकडे पाठ करून उभं राहतं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आमच्या बोटीवर बाबाच, एकेका ढिगावर काठी टेकवतो आणि विचारतो, "ह्यो कोनाचा?" पोर न बघता नाव घेतं. ज्याचं नाव आलं त्याने तो ढीग उचलायचा. बारीक असो, मोठा असो, त्यात पापलेट असो की नुसती मांदेली. नाव घेतल्यावर कोणी बोलायचं नाही. आणि तांडेलाचं नाव पोर घेतच नाही. सगळ्यांचं झाल्यावर जो उरेल तो तांडेलाचा.

मी कितीतरी वर्षं पाठ करून उभी राहिले. मग तू राहायला लागलास, आणि पहिल्याच महिन्यात आईचा पावडरचा आरसा मुठीत धरून गेलास. चांगला ढीग आला की बाबांच्या सख्ख्या भावाचं नाव, वाईट आला की बाबांच्या बोटीवर काम करणाऱ्या हरेश्वरकाकाचं. हरेश्वरकाकाने तुझी मूठ उघडून आरसा काढला. बाबांनी तुला तिथेच वाळूवर फटकावलं, स्वतःच्या वाट्याची पाटी उचलून काकाच्या पायाशी ठेवली आणि घरी रिकाम्या हाताने आले. काका दुसऱ्या वर्षी वेगळा झाला. बाबांसारख्या सरळ माणसाने आपला वाटा पायाशी ठेवला, आता शरमेने त्यांच्याबरोबर काम करवत नाही म्हणाला. तू मात्र गावभर सांगत फिरलास की हरेश्वरने आम्हाला लुबाडलं, आणि बोलून बोलून ते तुलाच खरं वाटायला लागलं.

म्हणून दवाखान्यात तुला पट्टी दिसली नाही, बाप दिसला नाही. तुला फक्त हरेश्वरचा ढीग मोठा दिसला.

राही

—

मुरुड, २० जून २०२५

केतन,

पावसाळ्याची मासेमारी बंदी चालू आहे, बोटी वर ओढल्यात, बंदरावर चिटपाखरू नाही. असतं तर त्याने तुझा फ्लेक्स बघितला असता. 'सदा तांडेल यांना न्याय मिळालाच पाहिजे.' बाबांचा फोटो कोपऱ्यात, लिंबाएवढा. तुझा मधोमध, गॉगल लावून. खाली 'युवा नेतृत्व'. कोणाचं नेतृत्व करतोस बाबा? कामोठ्यात राहून मुरुडच्या कोणत्या युवकांना तू कुठे घेऊन चालला आहेस? परवा वाऱ्याने तो फ्लेक्स फाटला आणि तुझं अर्धं तोंड शेजारच्या ठमाबाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन बसलं. तिने काढलं नाही. म्हणाली, "राहू दे, पान्यापासून कोंबऱ्या वाचतील." तुझा लोकांना झालेला हा पहिला उपयोग.

बाबांना उचलायला दुसरं माणूस मिळालं आहे. तुला राग येईल म्हणून मुद्दाम सांगते. हरेश्वरकाका. पहिल्या दिवशी आला तेव्हा उंबऱ्याबाहेर चपला काढून नुसता उभा राहिला. बाबांनी बघितलं आणि डावा हात वर केला.   तेव्हापासून काका रोज सकाळी येतो. एका बाजूने मी, एका बाजूने तो, असे आम्ही बाबांना खुर्चीत ठेवतो. मग दोघं म्हातारे पडवीत बसून वर ओढलेल्या बोटी बघतात.

आता जे लिहिणार आहे ते दोन पत्रं मी पोटात ठेवलं होतं. वाटलं होतं तू स्वतः सांगशील. माझीच चूक, आरशाच्या वेळीही तू स्वतःहून मूठ उघडली नव्हतीस.

त्या दिवशी तू बाबांना अँब्युलन्समधून उतरवलंस आणि तुझ्या गाडीत घातलंस. गाडीत तो गोड सेंटचा डबा, त्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. कुठलाही गोड वास आला की मला बाबांचा घामेजलेला चेहरा दिसतो. काशीदच्या वळणावर ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाले, "बाय, मना बरा वाटतंय, पोराला सांग भांडू नको." मॅडमच्या औषधाने त्यांचं दुखणं थांबलं होतं, केतन. ते तुला सांगितलं तर तू म्हणालास, "टेन्शन नको घेऊ, सेटिंग झालीय."

तू ठरवलेल्या त्या खाजगी हॉस्पिटलात तू मला बाबांचं आधार कार्ड देऊन खाली काउंटरवर पाठवलंस. मी वर आले तोवर सुई दिलेली होती. आत काय बोलणं झालं ते मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. मला ते तिथल्या नर्सने सांगितलं. तिने फोनवर मला पत्ता विचारला आणि एसटीने घरी आली. बाबांच्या पायांवर हात ठेवून बसली आणि मग बोलायला लागली.

मॅडमनी काढलेली पट्टी तू खिशातून काढलीच नाहीस. सांगितलंस काय, तर सरकारी दवाखान्यात सुई द्या म्हणाले पण साठा संपलाय. तिथल्या डॉक्टरने स्वतः पट्टी काढली, तो घुटमळला. म्हणाला, हा तसला अटॅक वाटत नाही. मग तू कोणाला तरी फोन लावून त्याच्या कानाला दिलास. फोन ठेवल्यावर त्याने तुला एकच विचारलं, अलीकडे डोक्याला काही मार? आणि तू म्हणालास, "न्हाय, काय न्हाय."

बाबा 'हाय, हाय' म्हणत होते असं ती नर्स म्हणते. टोपीकडे बोट दाखवत होते. तू त्यांचा हात खाली धरलास.

 लिहितानाच मला शिसारी येते आहे. तासाभराने बाबा डोकं धरून ओरडले, ओकले, आणि मग त्यांचं बोलणं जड झालं. शेवटचं नीट वाक्य त्यांनी काय उच्चारलं माहीत आहे? "केतन जेवला काय?"

मेंदूत रक्तस्राव झाला. तू सुई भांडून मिळवलीस. मिळवलीस खरी.

चौकशीची नोटीस मलाही आली आहे. अलिबागला बोलावलंय, बाबांनाही. मी तिथे काय सांगणार ते पत्रात लिहीत नाही. झोप लागत नसेल तर छतावर तेच बघत राहा.

राही

—

मुरुड, १२ ऑगस्ट २०२५

केतन,

पूनमचा फोन आला. तू म्हणतोस, मी बाबांना फितवून तक्रार मागे घ्यायला लावली आणि तुझं राजकारण मातीत घातलं. तू तिथे थांबला असतास तर तुला असं विचारावं लागलं नसतं. म्हणून शेवटचं पत्र, आणि यात काही लपवत नाही.

तू अलिबागला आलास. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कचेरीच्या पायऱ्यांवर मोबाईलवाल्यांपुढे बोललास. 'माझ्या बापाच्या अश्रूंचा हिशोब' वगैरे. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, तो अभिमानाचा नव्हता. मग वर आलास, आणि व्हरांड्यातल्या बाकावर ती नर्स बसलेली दिसली. लगेच तुझ्या फोनची रेंज गेली. रेंज शोधत तू जो खाली गेलास तो थेट कामोठ्याला पोचलास.

आत टेबलामागे तीन अधिकारी. मॅडम एका खुर्चीत, तिचे वडील तिकडून लांबून आलेले, बाहेर उभे. पोरीची नोकरी जाणार, वर पोलिसांत नाव जाणार, अशा तोंडाने. बाबांना मी नि काकाने रिक्षातून नेलं होतं. कवळी घालून, टोपी घालून.

मी सगळं सांगितलं. पट्टी, गाडी, फोन, टाके. अंगठ्याचंसुद्धा सांगितलं. मधे मधे माझा आवाज चढला, मोठे साहेब म्हणाले, बाई हळू. मी म्हटलं, साहेब, मासळीबाजारात वाढलेय, याच्याहून हळू मला येत नाही. नर्सनेही सांगितलं. मॅडमच्या पट्टीची दवाखान्यातली प्रत टेबलावर आली, तिघांनी ती बघितली, त्यातले एक डॉक्टर होते. त्यांनी मान हलवली. या बाईंनी केलं ते अगदी बरोबर केलं, म्हणाले.

मग मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे खोटी माहिती मुलाने दिली. तसं तुमच्या जबाबात लिहून घेतो. पुढचं पोलीस बघतील. चालेल?"

मी म्हटलं, "लिहा."

मला चालणार होतं, केतन. तुला बेड्या घालून आणलं असतं तरी मी माझ्या खानावळीत बसून शांतपणे भाकऱ्या भाजल्या असत्या.

बाबांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. साहेबांनी लिहिणं थांबवलं. बाबा मला खुणा करायला लागले, बोट गोल गोल फिरवून. मला वाटलं पाणी हवं. पाणी दिलं, ते त्यांनी ढकललं. काकाला कळलं. त्याने उठून बाबांची खुर्ची फिरवली. टेबलाकडे पाठ, खिडकीकडे तोंड. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसत होती.

तेव्हा मला कळलं, आणि मी ओरडले, "काका, नको!"

पण काका टेबलाशी जाऊन उभा राहिला होता. त्याने त्या सगळ्या कागदांवर बोट टेकवलं, माझा जबाब, पट्टी, अंगठ्याचा कागद, सगळ्यावर, आणि वाळूवर विचारायचे तसं मोठ्याने विचारलं.

"तांडेल, ह्यो कोनाचा?"

  बाबांना तोंडात शब्द जुळवायला वेळ लागतो, आधी ओठ हलतात, मग आवाज येतो. मी मनात तुझं नाव म्हणत होते. केतन म्हणा, बाबा. एवढं एकदा म्हणा.

बाबा म्हणाले, "माजा."

मी रडले नाही, मी संतापले. साहेबांना म्हटलं, त्यांना समजत नाही, ते कपालाही माजा म्हणतात, टोपीलाही माजा म्हणतात. काकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहीबाय, नाव घेतलं. आता बोलायचा न्हाय."

साहेबांनी काकाला दोनदा विचारलं हे काय चाललंय, आणि काकाने दोनदा तेच सांगितलं, की उरलेला वाटा तांडेलाचा. त्यांना काय कळलं देव जाणे. तक्रार खोटी, डॉक्टर निर्दोष, रुग्ण स्वतःच्या मर्जीने दवाखान्यातून गेला, असं त्यांनी लिहिलं. बाबांनी डाव्या हाताने सही केली. वाकडीतिकडी, पण सही. मला पुढे काही लिहून द्यायचं आहे का, विचारलं. मी नाही म्हटलं. वाळूवर इतकी वर्षं उभी राहिलेय, नाव घेतल्यावर बोलता येत नाही मला. पण येताना सबंध रस्ता मला किळस येत होती. तुझी तर होतीच, बाबांचीही आली. असला चांगुलपणा काय कामाचा, की ज्याने बाप आडवा केला तो पांढऱ्या शर्टात फिरतो?

मॅडम परत रुजू झाल्या आणि पंधरवड्यात बदली मागून गेल्या. जाताना बाबांना भेटायला आल्या होत्या. मी थांबा म्हटलं नाही. कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांच्या खुर्चीत सध्या कोणी नाही. आता कोणाच्या छातीत दुखलं तर पट्टी वाचायला अलिबाग गाठायचं.

परवा बंदीनंतरची पहिली मासळी लागली. काकाने बाबांना खुर्चीसकट वाळूवर नेलं, ढीग मांडले, एक आपल्या घरचा धरून. मी पाठ करून उभी राहिले, या वयात. सगळ्यांची नावं घेतली. शेवटचा ढीग उरला, तो बाबांच्या पायाशी ठेवला.  मग त्यांनी डाव्या हाताने त्याचे दोन ढीग केले. एक स्वतःकडे ओढला, दुसऱ्याकडे बोट करून माझ्याकडे बघत राहिले. तो कोणाचा ते मला कळलं. मी तो मांजरांना घातला. मी बाबा नाही.

आता कामाचं. काल सकाळी बाबांना उचलताना काका मधेच थांबला आणि भिंतीला टेकला. छातीत नाही म्हणाला, दम लागला म्हणाला. पण जानेवारीत ती सुई देऊन सोडताना डॉक्टरांनी त्याला जड उचलायची सक्त मनाई केली होती, आणि हा माणूस जूनपासून रोज आपल्या बापाला उचलतो आहे. मी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय. तो येणारच.

मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही, तेव्हा दारात रडू नकोस आणि फोन खिशात ठेव. सकाळी सातला ये. उजव्या बाजूने धर, ती बाजू जड आहे.

राही